ताडोब्याजवळचा मुक्काम खरोखर निसर्गस्नेही आहे का, हे घरबसल्या कसे ओळखावे?

तुम्ही खारघरहून विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. नाताळच्या सुट्टीत तुम्ही पती-पत्नी, 9 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई असे चौघे 4 रात्रींसाठी ताडोब्याला जाणार आहात. मुक्कामासाठी तुम्ही तीन जागा निवडून ठेवल्या आहेत. पहिली मोहर्ली गेटला लागून असलेले मोठे रिसॉर्ट, ज्यात जलतरण तलाव आहे आणि खोलीच्या सज्जातून दिसणारा पाणवठा आहे. दुसरी कोलारा गेटच्या बाजूला, जुन्या शेतजमिनीवर उभी राहिलेली 12 खोल्यांची जागा. तिसरा गेटपासून काही किलोमीटर अंतरावरच्या गावातला होमस्टे. तिन्ही ठिकाणांनी स्वतःला ‘इको-फ्रेंडली’ म्हटले आहे आणि तिघांच्या दरांत मोठे अंतर आहे. यातले खरे कोणते, आणि जास्त पैसे मोजल्याने जंगलाचे काही भले होते का, असे तुम्ही विचारले आहे.

मी ठाण्यात राहते आणि शाळांच्या व कुटुंबांच्या गटांसाठी जंगलातल्या सहली आणि शिबिरे आखण्याचे काम अनेक वर्षे करते आहे. गट नेण्याआधी मुक्कामाची जागा स्वतः पाहून येणे हा या कामाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. त्या पाहणीत मी काय बघते आणि का बघते, ते इथे लिहिते. तुम्हाला प्रत्यक्ष जाऊन पाहणे शक्य नाही, त्यामुळे यातले काय फोनवर विचारता येईल आणि उत्तरावरून काय ताडता येईल, तेही सांगते.

जाहिरातीत दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी खोलीच्या आतल्या असतात: बांबूचे टूथब्रश, काचेच्या बाटल्या, टॉवेल रोज धुवायला टाकू नका अशी विनंती करणारी पाटी. त्या चांगल्याच आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र जंगलावरचा भार मुख्यतः खोलीच्या बाहेर पडतो. आवाराला कुंपण कसले आहे, पाणी कुठून येते आणि वापरून झाल्यावर कुठे जाते, रात्री उजेड किती असतो, उरलेले अन्न कोण खाते, आणि तिथे नोकरीला कोण आहे, या पाच-सहा गोष्टींवर सारे ठरते. या सगळ्या गोष्टी आवाराच्या कडेला किंवा मागच्या अंगणात असतात आणि छायाचित्रांत क्वचितच येतात. म्हणून कुठेही गेले की मी आधी खोली पाहत नाही. आवाराच्या कडेने एक फेरी मारते आणि मग स्वयंपाकघराच्या मागे जाते.

कडेला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी ताडोब्याची रचना लक्षात घ्यावी लागेल. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात सुमारे 625 चौरस किलोमीटरचे कोअर, म्हणजे गाभ्याचे क्षेत्र आहे आणि त्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचे बफर, म्हणजे कडेचा पट्टा. बफरमध्ये जंगल आहे, तशीच गावे, शेते आणि खासगी जमिनीही आहेत, आणि बहुतेक रिसॉर्ट याच खासगी जमिनींवर आहेत. वाघ कोअरच्या सीमेवर थांबत नाही. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज आला, आणि चंद्रपूर जिल्ह्यातले अनेक वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागात राहतात. वयात आलेला तरुण वाघ नव्या मुलखाच्या शोधात बाहेर पडतो, तेव्हा त्याला याच शेतांमधून, नाल्यांच्या काठाकाठाने वाट काढावी लागते. त्या वाटेवर एकामागून एक जाळीची कुंपणे उभी राहिली, तर प्रत्येक आवार कितीही हिरवेगार असले तरी सगळी मिळून जंगलाच्या तोंडाशी एक भिंत तयार होते. गेटला लागून असणे ही पर्यटकाला सोय वाटते, पण अशी भिंत नेमकी गेटांजवळच दाट होत जाते. तेवढ्यावरून गेटजवळची प्रत्येक जागा वाईट ठरत नाही. तिथे कुंपणाचा प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारावा, एवढेच.

कुंपणाबद्दल विचारताना ‘कुंपण आहे का’ असे न विचारता ‘रात्री तुमच्या आवारातून कोणकोणते प्राणी जातात’ असे विचारावे. ज्यांनी जमीन मोकळी ठेवली आहे त्यांचे लोक लगेच सांगतात की मागच्या नाल्यातून रानडुकरे येतात, चितळे येतात, कधी अस्वलाचे ठसे दिसतात, आणि त्यासाठी अंधार पडल्यावर पाहुण्यांना कर्मचारी टॉर्च घेऊन खोलीपर्यंत सोडायला येतो. ज्यांनी चारही बाजूंनी उंच जाळी ठोकली आहे ते ‘आमच्याकडे पूर्ण सुरक्षित आहे, काहीच येत नाही’ असे अभिमानाने सांगतात. इथे परिस्थितीनुसार तडजोड करावी लागते, हे मी मान्य करते. लहान मुले आणि वृद्ध माणसे असताना मोकळे आवार म्हणजे शिस्त आलीच: संध्याकाळनंतर मुलीने एकटीने बाहेर पडायचे नाही, सासूबाईंची खोली जेवणघराच्या जवळ हवी. ही शिस्त तुम्हाला जमणार नसेल, तर खोल्या आणि जेवणघर एवढ्याच भागाला कुंपण आणि उरलेली जमीन मोकळी, अशी व्यवस्था असलेली जागा शोधावी. ती मला पूर्णपणे मान्य आहे.

आवारातला पाणवठा हा तुमच्या पहिल्या पर्यायाचा मोठा आकर्षणबिंदू दिसतो, म्हणून त्यावर स्पष्ट लिहिते. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी आहे. जंगलात नैसर्गिक पाणी आटते तेव्हा वनविभाग स्वतः पाणवठे भरतो. कुठे आणि किती भरायचे हे तो प्राण्यांच्या हालचाली पाहून ठरवतो. खासगी आवारात, खोल्यांपासून हाकेच्या अंतरावर, पाहुण्यांना प्राणी दिसावेत म्हणून केलेला पाणवठा ही निराळी गोष्ट आहे. त्याने चितळ-सांबर माणसांच्या जवळ गोळा होतात, त्यांच्या मागे वाघ-बिबटे येतात आणि माणसाच्या आवाजाला, वासाला, उजेडाला सरावतात. असा सरावलेला प्राणी उद्या शेजारच्या वस्तीत, गोठ्याजवळ दिसतो, आणि त्याची किंमत गावकरी मोजतो. रिसॉर्टला त्याची झळ लागत नाही. पाणवठ्याजवळ मिठाचे चाटण ठेवले असेल किंवा रात्री त्यावर प्रखर दिवे सोडले जात असतील, तर ती जागा मी यादीतून काढते, मग तिथे सौरऊर्जा असो वा नसो.

उजेडाचा आणि आवाजाचा मुद्दा आपल्याला ठाण्या-नवी मुंबईकरांना वेगळा समजावून सांगायला नको. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, आणि तिथले बंगले, खेळाची टर्फ मैदाने, रात्री उशिरापर्यंतचे दिवे आणि ध्वनिक्षेपक यांविरुद्ध ठाणेकर वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. तेच चित्र ताडोब्याच्या बफरमध्ये लहान प्रमाणात दिसते. हिरवळीवर संगीतरात्र, लग्नाचे समारंभ, झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा असतात. जागेच्या जाहिरातीत ‘डेस्टिनेशन वेडिंग’ हा शब्द दिसला, तर ती जागा वन्यजीव पाहण्यासाठी नाही असे मी धरते. चांगल्या जागेत दिवे कमी उंचीवर, पिवळसर, जमिनीकडे तोंड केलेले असतात आणि ठरावीक वेळेनंतर बंद होतात. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले पथदिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळवण्यात आला. गावे हे करू शकतात, तर पर्यटकांकडून भरपूर भाडे घेणाऱ्या जागांना ते अवघड नाही.

पाण्याबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी बोअरवेलचे आहे का, जलतरण तलाव आणि हिरवळ आहे का, आणि सांडपाणी कुठे जाते. एकाच भूजलातून गावाचे हातपंप, शेतीच्या विहिरी आणि रिसॉर्टचा बोअर असे सगळेच पाणी उपसतात. एप्रिल-मे महिन्यांत गावातल्या बाया डोक्यावर हंडे वाहत असताना शेजारच्या आवारात हिरवळीवर तुषार सिंचन चालू असेल, तर त्या जागेने काच वापरली की प्लास्टिक याला फारसा अर्थ उरत नाही. तुम्ही डिसेंबरमध्ये जाणार असल्यामुळे ही टंचाई तुम्हाला दिसणार नाही, म्हणूनच मुद्दाम विचारायला हवे. सांडपाण्यासाठी लहान जागेत सेप्टिक टँक आणि त्याला जोडलेला शोषखड्डा नीट बांधलेला असला तरी पुरतो. कर्दळीसारख्या वनस्पतींच्या मुळांतून पाणी गाळणारे वाफे असतील तर अधिक चांगले. मोठ्या रिसॉर्टला मात्र सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा हवीच, आणि ती चालू हवी. ‘एसटीपी आहे’ या उत्तरावर न थांबता ‘त्यातून निघालेले पाणी कशाला वापरता’ असा पुढचा प्रश्न विचारावा. यंत्रणा खरोखर चालू असेल, तर झाडांना, शौचालयाच्या टाकीला असे नेमके उत्तर येते.

आता स्वयंपाकघराच्या मागे येऊ. माझ्या अनुभवात कोणत्याही निवासस्थानाची सर्वांत खरी परीक्षा इथे होते. बुफे जेवणात अन्न उरते. उरलेले अन्न उघड्या खड्ड्यात टाकले की पहिल्यांदा कुत्री येतात. काही महिन्यांत तिथे कुत्र्यांचा कळप तयार होतो, जो गावातल्या नेहमीच्या कुत्र्यांपेक्षा मोठा आणि धीट असतो. पुढे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. संजय गांधी उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो, हे आपल्या भागातल्या अभ्यासांतून चांगले माहीत झालेले आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कुत्र्यांमधून रेबीज आणि कॅनाइन डिस्टेम्पर यांसारखे रोग रानकुत्र्यांपर्यंत, मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतात. 2018 मध्ये गीरच्या जंगलात 20 हून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले आणि त्यांपैकी अनेकांमध्ये डिस्टेम्परचा विषाणू सापडला. ताडोब्याची रानकुत्र्यांची टोळी पाहून आपण आनंदाने परत येतो. ज्या ठिकाणी आपण जेवलो तिथल्या उकिरड्याचा त्या टोळीच्या आयुष्याशी संबंध असू शकतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

म्हणून ‘ओला कचरा कुठे जातो’ हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. झाकणाचा, जाळी लावलेला खतखड्डा किंवा बायोगॅस, आणि सुका कचरा गाडीने चंद्रपूर किंवा जवळच्या मोठ्या गावी पाठवण्याची व्यवस्था, हे उत्तर चांगले. ‘गावातले लोक डुकरांना घालायला घेऊन जातात’ हे उत्तर संमिश्र आहे, कारण ते रोज होते की आठवड्याने, त्यावर बरेच अवलंबून असते. ‘जाळतो’ हे उत्तर आले, तर ती जागा सोडावी. ज्या ठिकाणी बुफेऐवजी आधी विचारून ताटात वाढतात, तिथे मूळ प्रश्नच लहान होतो. कमी खोल्यांच्या जागा आणि होमस्टे इथे आपोआप पुढे असतात.

जळणाचाही विचार करावा. डिसेंबरात विदर्भाच्या पहाटे चांगल्याच गार असतात, गरम पाणी लागतेच, आणि रात्रीची शेकोटी पाहुण्यांना आवडते. सौर बंब असला तरी धुके आणि ढगाळ दिवस असतात, तेव्हा पर्याय काय आहे ते विचारावे. लाकडावरचा बंब आणि रोजची शेकोटी असेल, तर ते लाकूड कुठले हे विचारणे रास्त आहे. वनविभागाच्या डेपोतून किंवा स्वतःच्या शेतातल्या छाटणीतून आले असेल तर ठीक. जंगलातून मोळ्या येत असतील, तर ज्या गावांना राज्य सरकारच्या जन-वन योजनेतून गॅस जोडण्या देऊन सरपणासाठी जंगलात न जाण्याचे सांगितले जाते, त्याच गावांकडून आपण मोळ्या विकत घेत आहोत, असा त्याचा अर्थ होतो.

यापुढचा मुद्दा माणसांचा आहे आणि तुमच्या पैशांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. ताडोब्यात जंगल वाचवण्याची मोठी किंमत स्थानिक माणसांनी दिलेली आहे. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी ही कोअरमधली गावे बाहेर वसवण्यात आली. बाहेरच्या गावांत मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायला जाणाऱ्या माणसांवर दर उन्हाळ्यात वाघांचे हल्ले होतात, आणि त्यांत माणसे मरतात. अशा गावाशेजारी मुक्काम करताना आपला पैसा त्या गावात राहावा, ही किमान अपेक्षा आहे. सफारीतले गाइड आणि जिप्सीमालक बहुतेक स्थानिक असतात, गेटच्या शुल्कातला वाटाही विकासकामांसाठी जातो, पण मुक्कामाचे पैसे कुठे जातात हे जागेनुसार पार बदलते. म्हणून विचारावे: कर्मचाऱ्यांपैकी आसपासच्या गावांतले किती, त्यांच्यापैकी कोणी व्यवस्थापक किंवा निसर्ग मार्गदर्शक आहे का, आणि जुलै ते सप्टेंबर या काळात कोअर बंद असताना त्यांना पगार मिळतो का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वर्षभर पगार देणारी जागा महाग असेल, तर त्या महागाईला कारण आहे आणि ती मी आनंदाने मोजते. तलाव आणि वातानुकूलनामुळे महाग असलेल्या जागेबद्दल तसे म्हणता येत नाही. दर जास्त असणे हा कशाचाच पुरावा नाही. तो दर कशासाठी आहे एवढेच पाहावे.

भाजीपाला आणि धान्य कुठून येते, हाही असाच बोलका प्रश्न आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग भाताचा आहे. प्रसिद्ध एचएमटी हे भाताचे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने शोधून काढले. ज्या जागेत तांदूळ या भागातल्या शेतकऱ्याकडून घेतात, जेवणात झुणका-भाकरी, वडा-भात असे वऱ्हाडी-झाडीपट्टीतले पदार्थ मिळतात, तिथे व्यवस्थापनाची गावाशी ओळख असते. नागपूरहून ट्रकने सगळा माल येत असेल, तर ती ओळख बहुधा नसते.

प्रमाणपत्रांबद्दलही तुम्ही विचारले आहे. जागतिक शाश्वत पर्यटन परिषद, म्हणजे जीएसटीसी, स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही. ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. व्याघ्र प्रकल्पांच्या आसपासच्या जागांसाठी ‘टॉफ्टायगर्स’ या संस्थेचे ‘पग’ मानांकन आहे. अशी खूण दिसली तर ती कोणत्या वर्षाची आहे आणि बाहेरच्या तपासनिसाने प्रत्यक्ष येऊन तपासले होते का, हे विचारावे. प्रमाणपत्र असणे चांगले, पण नसणे हा दोष नाही, कारण चार खोल्यांच्या होमस्टेला त्याचा खर्च परवडत नाही. प्रमाणपत्र नसले तरी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची ऑक्टोबर 2012 मधली मार्गदर्शक तत्त्वे आहेतच. कोअरमधल्या पर्यटनाला त्यांनी 20 टक्के क्षेत्राची मर्यादा घातली आणि पर्यटन सुविधांनी सौरऊर्जा, कचऱ्याचा पुनर्वापर, पावसाच्या पाण्याची साठवण, सांडपाण्यावर नियंत्रण या गोष्टी पाळाव्यात असे सांगितले. त्यामुळे हे प्रश्न विचारताना तुम्ही काही जगावेगळे मागत नाही.

निवासस्थान कितीही चांगले निवडले, तरी सफारीतल्या वागण्याने सगळे फुकट जाऊ शकते, म्हणून तेही इथेच लिहिते. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात ‘एफ-2’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले. त्यानंतर गाइड आणि चालकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा स्थानिक चालकांना झाली, पण त्यांच्यावर दबाव टाकणारे सुट्टीतले पर्यटकच होते. तुमची सहल नेमकी याच दिवसांत आहे. ‘वाघ नक्की दाखवू’ असे सांगणारी जागा तो दबाव आधीपासूनच तयार करते. आरक्षण करताना उलट सांगावे की वाघासाठी गर्दीत गाडी घालू नये, आणि गाइडलाही पहिल्याच पाच मिनिटांत तसे सांगावे. माझा अनुभव असा आहे की हे ऐकून गाइडचा चेहरा खुलतो आणि मग तो झाडे, पक्षी, अस्वलाने उकरलेली वारुळे, सांबराचे धोक्याचे इशारे (कॉल) असे कितीतरी दाखवतो. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे मुलीसाठी एक साधी दुर्बीण आणि वही घ्यावी.

सुट्टीच्या तारखा पुढे-मागे करता येत असतील, तर 24 डिसेंबर ते 2 जानेवारी हे दिवस टाळावेत. शाळेमुळे ते जमणार नसेल, तर सफारी कमी कराव्यात आणि त्यांतली एक तरी बफरची ठेवावी. चौघांसाठी 4 रात्रींत कोअरच्या 2 आणि बफरची 1 एवढ्या सफारी मला पुरेशा वाटतात. जिप्सी उघडी असते, पहाटेचा वारा बोचतो आणि रस्ते खडबडीत असतात. सासूबाईंना पाठीचा त्रास असेल, तर त्यांना चाकांवरच्या मागच्या बाकावर न बसवता मधल्या बाकावर बसवावे आणि त्यांच्यासाठी दुपारची सफारी ठेवावी. कोअर मंगळवारी बंद असतो. तो दिवस मध्ये आला तर वरोऱ्याचे आनंदवन किंवा चंद्रपूरचा गोंडकालीन किल्ला पाहता येतो.

प्रवासाबाबत फार लिहीत नाही. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाल्यामुळे गाडीने नागपूर गाठणे सोपे झाले आहे, तरी वृद्ध माणूस सोबत असताना रात्रीची रेल्वे आणि पुढे स्थानिक गाडी हे मला अधिक बरे वाटते. इंधन वाचते, आणि शेवटच्या टप्प्याचे भाडे तिथल्या चालकाला मिळते. चार रात्रींत दोन जंगले करण्याचा मोह टाळावा.

आणखी एक पर्याय तुमच्या यादीत नाही, तो सुचवते. वनविभागाची आणि पर्यटन महामंडळाची निवासस्थाने पाहावीत: मोहर्लीला महामंडळाचे संकुल आहे, पेंचमध्ये सिल्लारीला आणि मेळघाटात सेमाडोह, कोलकास येथे वनविभागाची व्यवस्था आहे. सोयी साध्या असतात आणि देखभाल ठिकाणानुसार बदलते, पण तिथे राहून नव्या जमिनीवर नवे बांधकाम व्हायला आपण हातभार लावत नाही. आणि वाघाचा आग्रह नसेल, तर मुलीच्या शनिवार-रविवारसाठी घराजवळचे काही आहेच: पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य, शेकरूसाठी मुरूड-रोह्याकडचे फणसाड, आणि हिवाळ्यात ऐरोलीहून दिसणारी ठाणे खाडी, जिचे रोहित पक्षी अभयारण्य 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाले. तिथे मुक्कामाच्या जागेचा प्रश्नच फारसा उरत नाही.

फोन करताना आरक्षण विभागाशी न बोलता तिथल्या व्यवस्थापकाशी किंवा मालकाशी बोलावे. तीनच प्रश्न विचारायचे ठरले, तर ओला कचरा कुठे जातो, पावसाळ्यात कर्मचाऱ्यांना पगार मिळतो का, आणि रात्री आवारातून कोण जाते, हे तीन विचारावेत. चांगली जागा या प्रश्नांनी खूश होते आणि अनेकदा न विचारलेल्या गोष्टीही सांगते, त्यांतल्या अडचणींसह. जी जागा ‘आमची सगळी प्रमाणपत्रे आहेत, ईमेलवर पाठवतो’ एवढ्यावर थांबते, तिच्याबद्दल मी सावध राहते.

तुमच्या तीन पर्यायांपैकी पहिला, म्हणजे पाणवठ्याचा आणि तलावाचा, मी घेणार नाही. दुसऱ्या जागेला फोन करून वरचे तीन प्रश्न विचारावेत, आणि शिवाय त्या शेतजमिनीवर ऐन, मोह, बांबू, पळस अशी इथलीच झाडे वाढू दिली आहेत की हिरवळ आणि शोभेची झाडे लावली आहेत, हेही विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील, तर तुमच्या चौघांसाठी तीच जागा योग्य आहे, कारण 12 खोल्यांत सासूबाईंना लागणाऱ्या सोयी आणि गावाशी नाते या दोन्ही गोष्टी जमू शकतात. ती जागा उत्तरे टाळत असेल, तर होमस्टे घ्यावा. त्याआधी मात्र कमोड आहे का, न्हाणीघर खोलीला जोडून आहे का आणि रात्री गरम पाणी मिळते का, हे छायाचित्रासह विचारून घ्यावे. हे सगळे ठरवण्याच्या आधी सफारीचे आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर करावे. मोहर्ली आणि कोलारा या गेटांमधले अंतर रस्त्याने बरेच आहे, त्यामुळे कोणत्या गेटची सफारी मिळाली हे कळल्याशिवाय मुक्कामाचे पैसे भरू नयेत.